आप्पांचा रिपोर्ट, माझं अक्षर

आप्पांचं हेल्मेट पितळेचं होतं आणि ते कधीच कुठल्या आगीत गेलं नाही. दर शनिवारी आई ते चिंचेच्या कोळानं आणि चुलीतल्या राखेनं घासायची आणि आप्पा खाटेवरून बघत असायचे. मिरवणुकीला, झेंडावंदनाला, नगराध्यक्षांच्या घरच्या लग्नाला ते डोक्यावर चढायचं. आग लागली की मात्र आप्पा साधी खाकी टोपी घालायचे. पितळ तापतं, डोकं भाजतं, असं ते आल्यागेल्याला सांगायचे. खरं कारण आईला आणि मला माहीत होतं. हेल्मेटवर ओरखडा आलेला त्यांना चालत नसे.

आप्पा आमच्या गावच्या नगरपालिकेच्या बंबाचे मुख्य होते. कागदावर हुद्दा अग्निशामक अधिकारी, गावात 'बंबवाले साहेब'. गाव निपाणी आणि सदलग्याच्या मधलं. त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं, तर तिथली माणसं पुस्तक हातात घेऊन आधी आपापल्या काकांचं नाव त्यात आहे का ते बघतील आणि नाही असं कळल्यावर ठेवून देतील. तंबाखूच्या हंगामात हे गाव पहाटेपासून शिंकायचं. वखारीतून उडणारा खकाणा धुण्यावर, चहाच्या कपावर, देवाच्या फोटोवर बसायचा. आमचं क्वार्टर बंबाच्या शेडच्या पाठीलाच होतं. रोज सकाळी सहाला जमादार कांबळेमामा बंबाचं इंजिन सुरू करून दहा मिनिटं घुरघुरत ठेवायचे आणि आमच्या पहिल्या चहाला डिझेलचा वास यायचा. अंगणातल्या चिंचेच्या फांद्यांवर कॅनव्हासचे पाईप वाळत घातलेले असत, त्यांतून दुपारपर्यंत पाणी ठिबकायचं. पापड घालायचे म्हटलं की आईला जागा शोधावी लागायची आणि ती पाईपांकडं बघून जे पुटपुटायची ते आप्पांच्या नोकरीला उद्देशून असे.

आप्पा मूळचे खानापूरच्या बाजूचे, गुंजीजवळच्या एका खेड्यातले. शाळा मराठी. कन्नड त्यांना बाजारात भांडण्यापुरतं बोलता यायचं, लिहिता-वाचता अजिबात नाही. कचेरीचा सगळा कागद कन्नडात. चुलत्याच्या ओळखीनं नोकरी मिळाली होती आणि नुसत्या ज्येष्ठतेनं ते वर चढले होते. ज्येष्ठतेचा अर्थ एवढाच, की त्यांच्या आधीची माणसं निवृत्त झाली. मला मात्र त्यांनी कन्नड शाळेत घातलं, पुढं नोकरीला बरं म्हणून. त्यात त्यांची स्वतःचीच सोय निघाली. मी सातवीत गेल्यापासून आमच्या गावातल्या प्रत्येक आगीचा रिपोर्ट मी लिहिला. जेवण झालं की आप्पा खाटेवर आडवे व्हायचे, मी पाटावर बसून मांडीवर फळी घ्यायची, आणि ते डोळे मिटून मराठीतून सांगायचे. पहिलं वाक्य ठरलेलं: "माहिती मिळताच क्षणाचाही विलंब न लावता आम्ही घटनास्थळी पोचलो." एकदा एका वस्तीवरची कडब्याची गंजी जळून, विझून, राख झाडून त्या जागेवर म्हशी बांधून झाल्या होत्या, तेव्हा हे पोचले. तरी क्षणाचाही विलंब नव्हता. माझं अक्षर गोल आणि टपोरं. नगरपालिकेतले कारकून म्हणायचे, बंबवाल्या साहेबांचं कन्नड अक्षर बघा, छापल्यासारखं. आप्पा हसून मान खाली घालायचे.

शेडमधल्या कपाटात नियमांची एक कन्नड पुस्तिका होती. तिच्यात अधिकाऱ्याची कर्तव्यं दिलेली होती. मी ती आप्पांना मराठी करून वाचून दाखवत असे आणि ते घोरायला लागत. मला मात्र ती पानं पाठ झाली. टाकी सदा भरलेली हवी. पाईप वाळवून गुंडाळलेले हवेत. माणसांकडून दर आठवड्याला कवायत करून घ्यायची. गावातली प्रत्येक वखार, प्रत्येक गिरणी, प्रत्येक थिएटर वर्षातून एकदा स्वतःच्या डोळ्यांनी तपासायचं. आगीच्या जागी शेवटचा शब्द अधिकाऱ्याचा, दुसऱ्या कुणाचाही नाही, मग तो नगराध्यक्ष असो. आणि आधी जीव, मग माल. यातलं टाकी, पाईप आणि कवायत हे कांबळेमामा बघायचे. ते हाताखालचे जमादार. आप्पांपेक्षा सहा वर्षांनी लहान आणि आगीत त्यांच्यापेक्षा साठ वेळा जास्त गेलेले. शिडी तेच चढायचे, विहिरीत तेच उतरायचे. बौद्धवाड्यातून पहाटे सायकलवरून यायचे आणि आप्पांना 'साहेब' म्हणताना त्यांच्या तोंडावरची एक रेघ हलायची नाही. आप्पांच्या वाट्याला तपासणी आणि शेवटचा शब्द एवढंच उरलं होतं.

तपासणी कशी व्हायची तेही सांगते. दिवाळीच्या आधी वखारवाल्यांकडून मिठाईचे पुडे यायचे. बेळगावचा कुंदा, गोकाकचा करदंट. तो कुंदा चमच्यानं खात आप्पा एका दुपारीत सोळा वखारी तपासायचे, खाटेवरून. "लिही. दारं दोन, दोन्ही उघडणारी. वाळूच्या बादल्या सहा, भरलेल्या. विजेच्या तारा ठीक." पुढची वखार. "वरच्यासारखंच." एका वर्षी मी विचारलं होतं, "आप्पा, शेटजींच्या वखारीला मागनं दार हाय व्हय?"

"असंल की."

मी लिहिलं: दारं दोन. आणि मलाही कुंदा मिळाला.

आता मी बेळगावात राहते. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सुरक्षेचं काम करून निवृत्त झाले. निरोप समारंभात एका तरुण साहेबानं भाषण केलं, की मॅडमना ही प्रेरणा वडिलांकडून मिळाली, वडील अग्निशामक दलाचे प्रमुख होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. समोसा गार होत होता आणि तेवढ्या वेळात खरं काय ते सांगून होण्यासारखं नव्हतं.

आमच्या मागच्या गल्लीत हौसाक्का राहायची. नवरा नव्हता, मूल नव्हतं, भावाची पोरगी मंगल तिनं सांभाळायला आणली होती. हौसाक्का त्याच शेटजींच्या वखारीत तंबाखू निवडायला जायची. संध्याकाळी आली की आधी दारात उभी राहून लुगडं झटकायची, मग दहा मिनिटं खोकायची, मग चूल पेटवायची. तिच्या हातचं हुलग्याचं माडगं मी अजून विसरले नाही. मी रोज तिच्याकडं जायची, कारण त्या घरात मला कुणी काही लिहायला बसवत नसे. मंगल माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. सातवीनंतर शाळा सुटली आणि तीही आत्याबरोबर वखारीत जायला लागली. तिला नकला करता यायच्या. आप्पांची नक्कल ती अशी करायची, की आधी कंबरेचा पट्टा वर ओढायचा, मिशीवर बोट फिरवायचं, आणि मग अगदी सावकाश म्हणायचं, "कुठं लागलीया रं आग?" हौसाक्का तिला रागवायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. मी तर पोट धरून हसायची. बापाला हसणं हे माझं पहिलं खरं सुख. त्यात मला कधी पाप वाटलं नाही.

त्या दिवशी मी दहावीच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी घरी होते. दुपारची साडेबारा-एकची वेळ. आप्पा जेवत होते. भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. घंटा झाली. शेडमधून कुणीतरी ओरडलं, "शेटजींची वखार!" मी उठून उभी राहिले. आप्पांनी घास संपवला. चूळ भरली, हात पुसले, पट्टा चढवला, आरशात बघून मिशी सारखी केली. बाहेर कांबळेमामांनी बंब केव्हाच फाटकापाशी आणून लावला होता आणि हॉर्नवरचा हात काढत नव्हते. आई म्हणाली, "अवो, जावा की आता!" मंगलची नक्कल इतकी खरी होती हे मला त्या क्षणी कळलं आणि हसू आलं नाही. बंब निघाला तशी मी मागून धावत सुटले. वखार तीन गल्ल्या पलीकडं होती.

तंबाखूचा धूर तपकिरी असतो. तो नुसता डोळ्यांत जात नाही, घशात बसून चावतो. गल्लीतली माणसं तोंडाला धोतर, पदर लावून लांब उभी होती आणि बघत होती. या गावाला दुसऱ्याचं जळताना बघायची मोठी आवड. वखारीचं दार पत्र्याचं, दोन फळ्यांचं. ते आतून वाजत होतं. हातांनी, चपलांनी, कशाकशानं. बाहेरून कडीला माझ्या मुठीएवढं कुलूप होतं. बाया दुपारी वेळेआधी बाहेर पडू नयेत, त्यांनी पदरात तंबाखू नेऊ नये, म्हणून शेटजी जेवायला जाताना कुलूप घालून चावी कनवटीला लावून नेत. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मुनीम दाराशी हात चोळत उभा होता. "चावी शेटजींकडं हाय. पोरगं पाठवलंय आणाय."

कांबळेमामांनी बंबावरची कुऱ्हाड काढली आणि दोन ढांगांत दाराशी गेले.

"थांब कांबळे," आप्पा म्हणाले. "दार मोडू नगंस. चावी यायली."

"साहेब, आत बाया हाईत."

"म्हाईत हाय मला. शेटजींचं दार हाय, उद्या जाब मला इचारतील. मी सांगतो तवा."

आणि आप्पा रस्त्याकडं बघत उभे राहिले. कंबरेवर हात ठेवून, अगदी फोटोला उभे राहावं तसे. दोन माणसं पाईप लावून छपरावर पाणी मारत होती, कांबळेमामा कुऱ्हाड हातात धरून दारापाशी, आणि दार वाजतंय. मी "आप्पा" म्हणून ओरडले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हातानं खूण केली, मागं हो. किती वेळ गेला? कोर्टात प्रत्येकानं वेगळं सांगितलं. मला एवढं आठवतं, की वाजणारे हात कमी होत गेले. मग कांबळेमामा आप्पांकडं वळून म्हणाले, "साहेब, माझ्यानं न्हाय व्हायचं," आणि त्यांनी घाव घातला. तिसऱ्या घावाला कोयंडा निघाला.

बाया एकमेकींवर पडत बाहेर आल्या. काळ्या, खोकणाऱ्या, काहींच्या अंगावर लुगडं नाही. हौसाक्काही आली, तिनं इकडंतिकडं बघितलं, "मंगे!" म्हणून हाक मारली आणि कुणी धरायच्या आत परत आत गेली. कांबळेमामा तिच्या मागून गेले आणि तिला ओढत घेऊन आले. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोलून निघाले होते. मंगलला नंतर आणलं. तिच्यावर गोणपाट घातलं होतं. एक पाय बाहेर होता, त्यात माझंच जुनं पैंजण होतं.

शेटजी तेवढ्यात स्कूटरवरून आले. चावी हातात होती. आप्पांनी त्यांना सलाम ठोकला. हे मी पाहिलं, आणि पुढं त्यांच्याबद्दल जे जे चांगलं मला लोकांनी सांगितलं, ते सगळं या एका सलामापाशी येऊन थांबलं. शेटजींनी आधी दाराकडं बघितलं आणि विचारलं, "कुणी मोडलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा खाटेवर आडवे झाले. "फळी घे." मी घेतली. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. "लिही. माहिती मिळताच क्षणाचाही विलंब न लावता..." मी लिहिलं. "विजेच्या तारेतनं ठिणगी पडून आग लागली. दार उघडं हुतं. बाया घाबरून जाग्यावरच बसून राहिल्या. अधिकाऱ्यानं धीर देऊन त्यांस्नी बाहेर काढलं. जमादार कांबळे यानं हुकूम मोडून मालकाच्या दाराची नासधूस केली, तरी त्याच्यावर कारवाई व्हावी." ते थांबले. "लिहिलंस?"

"लिहिलं."

मी लिहिलं ते असं होतं. दाराला बाहेरून कुलूप होतं: होरगिनिंद बीग हाकलागित्तु. कन्नडात कुलपाला बीग म्हणतात. मी तो शब्द सगळ्यात टपोऱ्या अक्षरात काढला. चावी येईपर्यंत दार मोडू नये, असा हुकूम अधिकाऱ्यानं दिला. दार आतून वाजत होतं. जमादार कांबळे यांनी हुकूम न मानता कोयंडा तोडला, म्हणून बाकीच्या बाया वाचल्या. मंगलचं पूर्ण नाव लिहिलं, वय लिहिलं. आप्पा सांगत होते त्याच वेगानं मी लिहीत होते, त्यांना संशय येऊ नये म्हणून. रिपोर्टाला दिवाळीच्या तपासणीची नोंद जोडावी लागते. ती काढायला मी फाईल उघडली आणि समोर माझंच अक्षर: दारं दोन, दोन्ही उघडणारी. त्या वखारीला एकच दार होतं. ती नोंद खोटी आहे, हे मात्र मी रिपोर्टात लिहिलं नाही. बापाची चूक लिहिताना माझा हात थांबला नाही, माझी लिहायची वेळ आली तेव्हा मी नोंद तशीच जोडली आणि फाईल मिटली. आप्पांनी नेहमीसारखी इंग्रजीत लांबलचक सही केली, खाली दोन टिंबं दिली, आणि भाकरी मागितली.

आठ-दहा दिवसांनी मुख्याधिकाऱ्यांनी त्यांना बोलावलं. ते नवे होते, धारवाडकडचे, आणि त्यांना कागद वाचायची सवय होती, जी आमच्या नगरपालिकेत कुणालाच नव्हती. आप्पा घाबरून गेले आणि फुलून आले. हातात रिपोर्टाची नक्कल होती. "साहेब खुर्चीतनं उठले गं माझ्यासाठी! म्हणाले, सोताची चूक सोता लिहून देणारा अधिकारी मी नोकरीत पयल्यांदा बघतोय. काय लिहिलंस तू? वाच."

मी एकेक ओळ मराठी करून वाचली. आईनं परातीतला हात उचलला नाही. मला वाटलं, आता पट्टा निघणार. आप्पा भिंतीकडं बघत होते. त्यांच्या तोंडावर आधी भीती होती, मग राग, आणि मग हळूहळू, जसं माडगं दाट होत जावं तसं, तिथं समाधान आलं. मी उभ्या आयुष्यात इतकी किळसवाणी गोष्ट पाहिली नाही.

"बरं केलंस," ते म्हणाले. "पर तू लिहिलंस म्हणून कुणाला सांगू नगंस."

तेव्हापासून न्हाव्याच्या दुकानात, देवळात, चहाच्या गाड्यावर आप्पा सांगायला लागले. माणसानं आपली चूक मानायला छाती लागती. झेंडावंदनाला त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. पितळी हेल्मेट काखेत धरून ते व्यासपीठावर उभे राहिले आणि म्हणाले, खरं बोलणाऱ्याला भीती नसती. पहिल्या रांगेत शेटजींची खुर्ची तेवढी रिकामी होती. त्या शनिवारी आईनं हेल्मेट घासलं नाही. आप्पांनी आठवण करून दिली तर म्हणाली, "तुमचं तुम्ही घासा," आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या ताटात भाकरी वाढताना ती तव्याकडं बघत राहिली, त्यांच्याकडं नाही.

कांबळेमामांना कळलं होतं. शेडमध्ये पाईप गुंडाळत ते म्हणाले, "तू लिहिलंस न्हवं?"

"व्हय मामा."

"माझी नोकरी वाचली बघ, पोरी." मग पाईपाची गाठ आवळत हसले. "आन् शाल त्यांस्नी. ऱ्हाऊ दे. आपल्याला उकडतंय."

शेटजींवर खटला उभा राहिला तो तालुक्याच्या कोर्टात, वर्षभरानं. आप्पा इस्त्रीचा खाकी घालून साक्षीला गेले. छाती काढून त्यांनी कुलपाचं सांगितलं, हुकमाचं सांगितलं. मग शेटजींचा वकील उठला. त्यानं दोन कागद पुढं केले, रिपोर्ट आणि दिवाळीची नोंद. नोंद म्हणते दारं दोन, दोन्ही उघडणारी, रिपोर्ट म्हणतो दाराला बाहेरून कुलूप. दोन्हींखाली तुमची सही. खरं कुठलं? नोंद खोटी असेल तर तुमची नोकरी जाते, रिपोर्ट खोटा असेल तर माझा अशील सुटतो. आप्पांनी फार वेळ घेतला नाही. घास संपवायला त्यांना त्याहून जास्त वेळ लागायचा.

"मला कन्नड लिव्हाय-वाचाय येत न्हाय," ते म्हणाले. "पोरगी लिव्हती. ल्हान हाय. तिची मैत्रीण जळाली, तवा तिनं काहीबाही लिव्हलं असंल. मला ठाऊक न्हाय."

वर्षभर शालीसारखी पांघरलेली छाती त्यांनी चार-पाच वाक्यांत उतरवून ठेवली. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि म्हणाले, त्या मुलीला पुढच्या तारखेला घेऊन या.

पुढच्या तारखेला आप्पाच मला एस.टी.नं घेऊन गेले. स्टँडवर कांदाभजी घेऊन दिली. मला भजी आवडतात हे त्यांना माहीत आहे, हेच मला तोवर माहीत नव्हतं. भज्यांचा कागद माझ्या मांडीवर ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, मला आठवत न्हाय म्हण. येवढंच. आठवत न्हाय म्हटलं की कोण काय करत न्हाय." मी भजी खाल्ली नाहीत. खाल्ली असती तरी काही बिघडलं नसतं, पण सोळाव्या वर्षी माणसाला उपाशी राहण्याचाही गर्व असतो.

कोर्टात बाकावर वखारीतल्या बाया बसल्या होत्या. हौसाक्का टोकाला, हात पदराखाली. वकिलानं कागद माझ्यासमोर धरले. तो कन्नडात बोलत होता, मीही कन्नडात बोलले.

"हे अक्षर तुझं?"

"हो."

"हेही?"

"हो."

"मग यातलं खोटं कुठलं?"

आठवत नाही असं म्हणता आलं असतं. नोंद आप्पांनी सांगितली तशी लिहिली, एवढं म्हटलं असतं तरी ते खरंच ठरलं असतं आणि सगळे आप्पांकडं बघायला लागले असते. माझ्या मनात तेच होतं, वर्षभर मी तेच घोकलं होतं. पण समोर हौसाक्का होती आणि तिनं पदराखालून एक हात काढून बाकाच्या कडेवर ठेवला होता, मुद्दाम नव्हे, आधाराला.

"नोंद खोटी आहे," मी म्हणाले. "तपासायला कुणीच गेलं नव्हतं. आप्पा घरात बसून सांगत होते, मी घरात बसून लिहीत होते. खोटं आहे हे मला लिहितानाच कळत होतं. रिपोर्ट खरा आहे. मी तिथं होते."

"म्हणजे तू खोटं लिहितेस, हे तूच सांगतेस!" वकील हसला. मागं चार-दोन जण हसले. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला आणि माझं म्हणणं शब्दाला शब्द लिहून घ्यायला लावलं. कारकुनाचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट होतं.

कसं झालं शेवटी? कांबळेमामांच्या आणि बायांच्या साक्षीवर शेटजींना शिक्षा झाली. ते वरच्या कोर्टात गेले, जामिनावर सुटले, आणि निकाल लागायच्या आधी घरच्या गादीवर म्हातारे होऊन, सून पाय चेपत असताना गेले. आप्पांना बंबावरून काढून पाण्याच्या टाकीवर बसवलं. तिथं व्हॉल्व्ह उघडणं आणि बंद करणं एवढंच काम होतं, तेही दुसराच माणूस करायचा. गावात त्यांनी सांगितलं, मराठी माणूस म्हणून मला बाजूला सारलं. आणि लोकांना ते पटलं. आमच्या भागात हे कारण कुणी तपासून बघत नाही. निवृत्त झाले तेव्हा एका मंडळानं त्याच कारणासाठी त्यांना दुसरी शाल दिली. ते मरेपर्यंत मी त्यांचं सगळं केलं, औषधपाणी, अंघोळ, भरवणं. लोक म्हणाले, मुलीचं बापावर फार प्रेम. कांबळेमामा पुढं खरोखर मुख्य झाले आणि तपासणीला सायकलवरून, पायजमा वर खोचून, वखारीवखारीत जाऊ लागले, तेव्हा वखारवाले म्हणायचे, पहिले साहेब बरे होते. कांबळेमामांची नात आता बेळगावात डॉक्टर आहे. माझं गुडघ्याचं औषध तीच देते.

पण त्या दिवशी कोर्टातून बाहेर पडले ते सांगायचं राहिलं. आप्पा पुढं स्टँडकडं निघून गेले होते, माझ्यासाठी न थांबता. व्हरांड्याच्या पायऱ्यांवर बाया पान लावत बसल्या होत्या. हौसाक्काला पान दुसरी कुणीतरी भरवत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. मला काय हवं होतं ते मी आता कबूल करते. आग लागल्यापासून मी तिच्या घरी गेले नव्हते. आज मी सगळ्यांसमोर खरं बोलले होते, स्वतःविरुद्ध बोलले होते, आणि मला वाटत होतं, की आता ती मला जवळ घेईल.

तिनं पान चावलं, पिंक टाकली, माझ्याकडं नीट बघितलं. रागानं नाही. बाजारात वांगं हातात घेऊन बघावं तसं.

"खरं बोललीस," ती म्हणाली. "चांगलं केलंस. शिकली हाईस, पुढं बी असंच लिव्ह." मग म्हणाली, "पर शालन, माझ्या दारात येऊ नगंस गं आता. तुला बघितलं की मला कागद दिसतोय."

"व्हय," मी म्हणाले.

ती त्यानंतर वीस वर्षं जगली. मी सुट्टीला गावी जायची तेव्हा तिच्या खोकल्याचा आवाज आमच्या मागच्या भिंतीतून यायचा. मी गेले नाही.